पेटीखालचा दिवा

आरोग्य केंद्रात टेबलावर जागा नव्हती, म्हणून दिगंबरने नेटची पेटी भिंतीवर उभी ठोकली होती. हवा खालच्या फटींतून शिरावी, वरून निघावी, असं त्याचं गणित. तरी रोज साडेदहाला पेटी तापून बंद पडायची. आठवड्यातला हा चौथा हेलपाटा.

आज तो नऊलाच येऊन थांबला. पेटीला तळवा लावायचा, खुर्चीत टेकायचा, पुन्हा उठायचा. पेटी गार. साहेबांचा फोन दोनदा वाजला. त्याने उचलला नाही.

दहा वाजता सफाईच्या शेवंतामावशी आल्या. त्यांनी पेटीखालच्या फळीवर तेलाचा दिवा लावला आणि हात जोडले. ज्योत थेट फटींखाली.

“मावशी, हे कशासाठी?”

“पेटी बसवली त्या दिवशी तुझा साहेब म्हणाला ना, तक्रार आली तर घरी बसवीन? तेव्हापासून रोज लावते. तुझ्यासाठी.”

दिव्यावर फुंकर मारायला त्याचं मन होईना. स्क्रू काढून त्याने पेटीच हातभर बाजूला घेतली. मग दुरुस्तीच्या कागदावर ‘बिघाडाचं कारण’ या रकान्यात लिहिलं: पेटी चुकीच्या जागी लावली, चूक माझी.

“झालं का रे नीट?”

“झालं,” तो म्हणाला. “राहू द्या तेवत.”