यंदाचं दुखणं

मुकादमानं यंदा मला छातीचं दुखणं दिलं. गेल्या साली मेडिकल कॉलेज नवीन निघालं, तेव्हा नुसता पाय मोडला होता. आता कॉलेजवाल्यांना डॉक्टरकी शिकणारी पोरं वाढवून हवीत, तर पेशंटही भारी लागतात. "कॉलेजच्या तपासणीचं पथक आलं की म्हणायचं, जिना चढताना दम लागतो," त्यानं बजावलं. सुई न टोचताच सलाईन मनगटाला चिकटवलं आणि आम्हा रोजंदारीच्या बायकांना कोऱ्या चादरींवर झोपवलं.

पथकाला घेऊन एक तरुण डॉक्टर माझ्या खाटेपाशी आला. मी पाठ केलेलं बोलले. तो मात्र न शिकवलेलं विचारायला लागला. "मावशी, आडवं पडल्यावर श्वास कोंडतो? संध्याकाळी पाय सुजतात?" हा नक्की पथकाला फितूर असणार! खोटं काही सुचेना, म्हणून खरं तेच सांगितलं. त्यानं छातीला नळी लावली, ती लवकर काढलीच नाही.

पथकाची गाडी गेली, तशा बाकीच्या बायका उठून जेवायला पळाल्या. डॉक्टर माझ्याकडे परत आला. "मावशी, तुमचं हृदय खरंच खराब आहे. उद्याच सरकारी दवाखान्यात जा."

"ते गेले की आता! कशाला नाटक करताय? तुम्हीपण आमच्यासारखेच, आजच्यापुरते गाडीत भरून आणलेले ना?"

"हो, पण डॉक्टर खराच आहे," तो म्हणाला. त्यानं कॉलेजचं नाव शिवलेला पांढरा कोट काढून खाटेवर ठेवला आणि साध्या शर्टात पुन्हा तेच सांगितलं.

मी मनगटाचं सलाईन काढलं आणि विचारलं, "तो दवाखाना किती वाजता उघडतो?"