श्री. क्ष

‘पोहायला शिकवणारा गेतान, आम्ही मुली कपडे बदलत असताना मुद्दाम आत यायचा. मी तेव्हा अकरा वर्षांची होते.’ गावाच्या ग्रुपवर मी एवढंच लिहिलं, तर त्याने माझ्यावर दावा ठोकला. कशासाठी? म्हणे, त्याच्या खाजगीपणाचा भंग झाला!

“बोलायचं स्वातंत्र्य तुम्हाला आहेच,” जज म्हणाले, “पण खाजगीपणाचा हक्क त्यांनाही आहे.”

“आणि आमच्या खोलीत घुसायचा तेव्हा? तेव्हा कुठे गेला होता खाजगीपणा?” मी ओरडले. मला खाली बसवलं.

दोन्ही हक्कांचा समतोल असा निघाला: मी पोस्ट काढून टाकायची, आणि निकालात त्याचं नाव ‘क्ष’ छापायचं.

“आणि माझं?” मी माझ्या वकीलबाईंना विचारलं.

“तुम्ही कुठे नाव लपवायचा अर्ज केला होतात, मादाम तिबो?”

“मी का लपवू? मी काय केलंय?”

“मग छापणारच. क्वेबेकमध्ये निकाल सगळ्यांना खुला असतो.”

आता इंटरनेटवर माझं नाव टाकलं की अख्खा निकाल वाचायला मिळतो. त्याचं टाकलं की एक जाहिरात येते: ‘मुलींसाठी पोहण्याचं उन्हाळी शिबिर. प्रवेश सुरू.’