स्वखुशीची देणगी

"ऑपरेशन मोफतच झालं, मावशी. पण भूल देणारे डॉक्टर बाहेरचे होते. ते योजनेत बसत नाहीत. अठ्ठावीस हजार भरा आणि पेशंट घेऊन जा."

नगरच्या त्या खासगी दवाखान्याचा व्यवस्थापक हर्षल बोलत होता. लंकाबाईचा नवरा सहादेव खुब्याचं ऑपरेशन होऊन खाटेवर पडला होता. सरकारी योजनेत सगळं फुकट होईल, असं भरती करताना ह्याच हर्षलनं सांगितलं होतं. तिनं हात जोडले. तो हसला.

"फुकटात हाड जोडून घेतलं, आता रडताय कशाला?"

सगळ्या वॉर्डानं ते ऐकलं. सहादेवनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

दोन दिवस त्यांनी त्याला सोडलं नाही. तिसऱ्या दिवशी लंकाबाईनं दुभती गाय विकून पैसे भरले आणि दाखवला त्या कागदावर अंगठा उठवला.

जामखेडजवळच्या गावी परतल्यावर सून रुपालीनं पावती वाचली आणि ती थबकली. "आत्या, ह्यात फीचं नावबी न्हाई. तुमी दवाखान्याला स्वखुशीनं देणगी दिली, आसं लिवलंय."

रुपालीनं योजनेच्या टोल फ्री नंबरवर फोन लावला. योजनेतल्या पेशंटकडून रुपयाही घेता येत नाही, पलीकडची बाई म्हणाली. बाहेरचा डॉक्टर बोलावला, तर त्याची फी दवाखान्यानंच द्यायची. तक्रार करा, पैसे परत मिळतील.

पण नुसते पैसे लंकाबाईला नको होते. हर्षलचं ते हसू तिच्या काळजात कुसळासारखं रुतलं होतं. दोन महिने तिनं तक्रार केलीच नाही. ती पायी हिंडत राहिली. "नगरला योजनेत कुणाचं ऑपरेशन झालंय का?" दारोदार तिचा एकच प्रश्न.

मग तिनं तक्रार केली.

योजनेच्या अधिकाऱ्यांपुढं सुनावणीला दवाखान्याचे मालक डॉक्टर स्वतः आले. मागं हर्षल. डॉक्टर म्हणाले, "बाईंनी आनंदानं देणगी दिली, साहेब. कागदावर अंगठा आहे त्यांचा."

"खरं का?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"व्हय सायेब. दिली."

डॉक्टर खुर्चीत मागं रेलले. लंकाबाईनं पिशवीतून कागद काढले आणि एकेक करून टेबलावर मांडले.

"ह्या अकरा जनांनीबी दिली. समद्यांनी नेमकी डिस्चार्जच्या दिवशीच दिली. समद्यांना लई आनंद झाला हुता, सायेब."

अधिकाऱ्यांनी तारखा पडताळल्या. पावत्या दोनदा चाळल्या. डॉक्टरांनी रुमाल काढला. हर्षलची मान वर झालीच नाही.

बाराही जणांचे पैसे परत करायचे, वर दंड भरायचा, असा हुकूम निघाला. बाहेर व्हरांड्यात डॉक्टर लंकाबाईच्या मागं धावत आले. हर्षलनं हात जोडले होते.

"बाई, तुमचा पैसा उद्या घरपोच येईल," डॉक्टर म्हणाले. " आता तरी मिटलं ना?"

लंकाबाईनं पदर खोचला.

"मिटतंय कसलं? आजून एकच तालुका हिंडलेय मी."