आईचे हात

प्रदर्शनाच्या व्यासपीठावर लाडूवाल्या मृदुलाताई केळुसकरांनी नेहमीची गोष्ट सांगितली: आई पहाटे गुणगुणत लाडू वळायची. ही आठवण जाहिरात कंपनीने त्यांच्या मेंदूत बसवली होती आणि तिला जागा व्हावी म्हणून खरी आई पुसली होती. त्यामुळे डोळ्यांत पाणी अस्सल यायचं, आणि विक्रीही अस्सल व्हायची.

त्या आपल्या स्टॉलवर परतल्या, तर शेजारचा चपलावाला हणमंत खवाटे तीच चाल गुणगुणत होता.

"ही कुठली रे चाल?"

"आईची, ताई. अनवाणी चालताना गुणगुणायची. म्हणजे, बसवलेलीच आई."

ही आई दुसऱ्या कुणाला देणार नाही, असं कंपनीने मृदुलाताईंना छातीठोक सांगितलं होतं. हणमंतला चांगलं खडसावायचं म्हणून त्या वळल्या, पण तोंडून निघालं भलतंच.

"तुला तिचा चेहरा दिसतो का रे? मला नुसते हात दिसतात."

"मला पाय. घोट्याच्या वर काही दिलंच नाही मेल्यांनी."

"मग चेहरा कुणाला दिला असेल?"

"असेल कुणीतरी क्रीमवाला," हणमंत हसत म्हणाला.

मृदुलाताई हसल्या नाहीत. समोर गिऱ्हाईक ताटकळत असताना त्यांनी लाडवांवर कापड टाकलं आणि क्रीमचे स्टॉल कुठे आहेत, ते विचारत निघाल्या.