तुम्हाला धरून

फुगत चाललेल्या शहरातल्या नव्या इमारतीत जनगणनेच्या बाई दारोदार फिरत होत्या.

"घरात माणसं किती?"

"तुम्हाला धरून सहा," पहिल्याच दारातली म्हातारी म्हणाली. बाई हसल्या.

शेजारचा माणूसही म्हणाला, "तुम्हाला धरून चार."

वरच्या मजल्यावर वीतभर खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, तरी तिथल्या बायकांनी सरकून बाईंपुरती सतरंजी मोकळी केली. "आज उशीर केलात," एकजण म्हणाली.

बाई तशाच मागे फिरून जिना उतरल्या. मिळेल ती बस पकडून त्या ओस पडत चाललेल्या आपल्या जुन्या शहरात परतल्या आणि घराची कडी वाजवली.

लेकीनं दार किलकिलं केलं.

"आम्ही दोघंच असतो," ती नम्रपणे म्हणाली आणि आत वळली. "बाबा, जनगणनेच्या बाई आल्यात."