सौंदडचा थांबा

आमचे हे नॅरोगेजवर गार्ड होते. नात दामिनी शाळेत असताना ह्यांनी आणि तिने ओसरीत विजेवर चालणारी छोटी रेल्वे मांडली, गोंदियापासून सौंदडपर्यंत पुठ्ठ्याची स्टेशनं केली. दामिनी आता नोकरीला लागली, ह्यांना माणसं आठवेनाशी झाली. तरी ती सुटीत आली की दोघं गाडी चालवतात. कालही दामिनी आलेली, गाडी सुरू होती; सकाळपासून ह्यांच्या पोटात घास नव्हता. वरणभात पुढे केला की ताट सरकवत. “ड्यूटीवर आहो, बाई.” दुपारी वीज गेली, गाडी सौंदडला थांबली. “सौंदड आला,” ते म्हणाले. “आता जेवून घेतो.” नोकरीत ते तिथेच जेवत. मी ताट धरलं. चार घास गेले, तेवढ्यात पंखा फिरला, इंजिनाचा दिवा लागला. दामिनीने झटकन वायर उपटली. ह्यांचा हात थांबला. “गाडी काऊन नाही निघून रायली?” “क्रॉसिंग आहे जी, समोरची गाडी यायची आहे,” मी म्हटलं. “आरामात जेवा.”