बाद कॅसेट

"हे बंदरही नको," मुलगी म्हणाली.

स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रकाने कळ दाबली. नावाड्यांच्या हाका मध्येच तुटल्या. सकाळपासून सतरा बंदरं झाली होती.

बाबांनी तीस वर्षं जहाजावरच्या वाद्यवृंदात सॅक्सोफोन वाजवला. प्रत्येक बंदरावर उतरायचं आणि तिथले आवाज कॅसेटवर भरून आणायचे, हा त्यांचा नेम. कुठे घंटा, कुठे वेताची बासरी, कुठे नुसत्या लाटा. वारण्याच्या महिनाभर आधी, खोलीचं दार लावून, त्यांनी एकट्याने एक जॅझ बॅलड वाजवून ठेवलं होतं. लांब, संथ. त्याखाली ही बंदरं अंथरायची, असं मुलीने ठरवलं होतं. ज्या जगासाठी ते घराबाहेर राहिले, ते जग निदान त्यांच्या सुराशेजारी ऐकू यावं.

पण जमत नव्हतं. बाबा दोन ओळी वाजवत आणि भलत्याच जागी थांबत. मग पुन्हा वाजवत. त्या थांब्यांमध्ये प्रत्येक बंदर परकं वाटत होतं.

"ह्यांना बंदरं तोंडपाठ," कोपऱ्यातल्या सोफ्यावरून आई म्हणाली. "घरातला साखरेचा डबा मात्र शेवटपर्यंत सापडला नाही."

ध्वनिमुद्रक हसला. मुलगी हसली नाही. सतरा कॅसेट तिने कान देऊन ऐकल्या होत्या, आणि त्या केवळ बॅलडसाठी नव्हे. आपल्या घरातला एखादा आवाज त्यांना कधी टिपावासा वाटला होता का, एवढंच तिला हवं होतं.

"संपल्या?" तिने विचारलं.

"एक आहे, पण बाद. म्हणून बाजूला ठेवली. वर नाव नाही, आणि इतकी वाजवलीय की टेप पार घासलीय. बाकीच्या बघ, कोऱ्या करकरीत. भरल्या आणि ठेवून दिल्या."

"लाव."

आधी नुसती खरखर आली. मग शिलाई मशीन चाललं. थांबलं. पुन्हा चाललं.

आई ताठ बसली. "अगं, हे माझं मशीन!"

पलीकडे एक लहान मुलगी पाढा म्हणत होती. सातापर्यंत धडधडत आली आणि अडली. "सात आठे... सात आठे..."

ध्वनिमुद्रकाने काही न विचारता त्यावर बॅलड चढवलं. त्याने फक्त सुरुवात जुळवली. पुढचं जुळवावं लागलं नाही. मशीन थांबलं की सॅक्सोफोन उठत होता. मशीन चाललं की तो गप्प होत होता, वाट बघितल्यासारखा.

"काकू," तो हलकेच म्हणाला, "हे मी मिसळत नाहीये. त्यांनी हे यावरच वाजवलंय."

आईचा उजवा पाय जमिनीवर हलत होता, मशीनच्या पायट्यावर असावा तसा.

सॅक्सोफोन एका लांब सुरावर चढला आणि थांबला.

"सात आठे छप्पन!" पोरगी आनंदाने ओरडली.

आणि मग आईचा आवाज आला. तरुण, दबलेला.

"हळू गं! बाबा झोपलेत."